वाचनालयातल्या काकूंची स्मरणिका : एक प्रकरण अभ्यास

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही हकीकत आहे. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशीलही बदलले आहेत. घरातलं माणूस गेलं की त्याच्यावर काहीतरी छापावं असं पुष्कळांच्या मनात येतं, पण छापायला बसल्यावर काय काय उभं राहतं याचा अंदाज कुणालाच नसतो. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडं अशी कामं आपसूक येतात. त्याच न्यायानं या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडं आलं.

पार्श्वभूमी

काकू गेल्या तेव्हा पंचाहत्तरीच्या अल्याड-पल्याड होत्या. थोरला मुलगा पुण्याला नोकरीत, धाकटा गावातच, लेक नांदेडला दिलेली. यजमान खरेदी-विक्री संघात कारकून होते, ते आधीच गेलेले.

ऐंशीच्या दशकात काकू गावच्या सार्वजनिक वाचनालयात जायला लागल्या. आधी नुसतं पुस्तकांना दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला अनुक्रमांक, घालायला बोलावलं होतं. काम संपलं, पण काकूंचं जाणं थांबलं नाही. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७ ही वाचनालयाची वेळ. मधल्या पाच तासांत घर: स्वयंपाक, धुणं, निवडणं-टिपणं, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे. पुढं त्या निर्गम सहायक झाल्या, म्हणजे पुस्तकांची देवघेव त्यांच्याकडं आली. मधे केव्हातरी ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षाही त्यांनी दिली. मुलांना ही परीक्षा आठवते ती आई रात्री अभ्यास करायची आणि त्यांना शेजारी बसवून घ्यायची म्हणून.

वाचनालय निजामाच्या काळातलं. त्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू, शाळेतलं वरचं शिक्षणही उर्दूतून. मराठी वाचायची हौस भागवायला वाचनालयाशिवाय फारशी जागा नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, पण वाचनालयाच्या एका कपाटात उर्दू पुस्तकं राहिली. ती वाचता येणारे म्हातारे एकेक करून कमी होत होते. काकूंनी उर्दूत शिकलेल्या एका वृद्ध वकिलांना संध्याकाळचं थोडा थोडा वेळ बसवून प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक आणि विषय देवनागरीत चिठ्ठीवर लिहून घेतला, आणि चिठ्ठ्या आतल्या पानावर डकवल्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आज त्या कपाटात काय आहे हे गावाला कळतं ते या चिठ्ठ्यांमुळंच.

पगाराचं एका परिच्छेदात सांगून टाकतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं आणि कर्मचाऱ्यांचं वेतन त्यातूनच भागवावं लागतं. शाळा-कॉलेजच्या ग्रंथपालासारखी वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. काकू साठीनंतर घरी बसल्या तेव्हा शाल, नारळ आणि एक फोटो एवढंच झालं. हा मुद्दा पुढं अनपेक्षित ठिकाणी आडवा आला.

अडचण

तेराव्याच्या गोडजेवणाला वाचनालयाचे सचिव आले होते. वर्षश्राद्धाला काहीतरी छापू, असं तिथंच ठरलं. महिन्याभरात माझ्यासमोर तीन कागद आले. थोरल्यानं पुण्याहून पाठवलेला लेख, धाकट्यानं बॅनरसाठी लिहिलेल्या ओळी, आणि कार्यकारी मंडळाचा शोकठराव.

लेखात काकू वात्सल्यमूर्ती होत्या, बॅनरवर मायेचा सागर आणि ठरावात निष्ठावान सेविका. मन दुखवायचं नव्हतं, पण नाव झाकलं तर हे तिन्ही कागद गावातल्या कुठल्याही गेलेल्या बाईला चालले असते. थोरल्याच्या लेखात आईनं कुटुंबासाठी केलेल्या त्यागावर दोन पानं होती आणि वाचनालय एका वाक्यात उरकलं होतं. ठरावात घर नव्हतंच. सकाळी आठला वाचनालयाचं कुलूप उघडणारी बाई त्याआधी तीन तास काय करत होती, हे दोन्हीकडं गायब.

दुसरी अडचण तपशिलांची. निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मसुदा तयार होता, त्यावर ‘सेवानिवृत्त ग्रंथपाल’ असं होतं. काकू ग्रंथपाल कधीच नव्हत्या. ते पद रिकामं झालं तेव्हा परीक्षा पास असूनही दुसऱ्या कुणाला मिळालं. धाकट्याला हे ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याला पत्रिकेवर ते हवं होतं.

समोर असलेले पर्याय

वर्तमानपत्रातली श्रद्धांजलीची जाहिरात पहिल्याच बैठकीत बाद झाली. एका दिवसाचं काम आणि खर्च भरपूर.

काकूंच्या नावानं पुस्तकांचं कपाट द्यावं, असं सचिवांचं मत. वाचनालयाला उपयोगी आणि कुटुंबाला समाधान. पण वाचनालयात आधीच अशी दानाची कपाटं होती, आणि त्यातल्या दोघांच्या नावांपलीकडं कुणाला काही सांगता आलं नाही. लेक म्हणाली, “कपाटावर नाव लागंल, पण आई कोण होती ते कसं कळंल?” धाकट्याला दरवर्षी एका वाचकाला पुरस्कार द्यायचा होता. त्याला निधी लागतो, आणि निधीपेक्षा जास्त लागतं ते दरवर्षी धावपळ करणारं माणूस. या गावात असे पुरस्कार तिसऱ्या वर्षी बंद पडतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

राहिली स्मरणिका. ती काढायची यावर एकमत झालं, पण कशी, यावर दोन बाजू पडल्या. मान्यवरांचे लेख मागवायचे, शुभसंदेश छापायचे, जाहिराती घ्यायच्या आणि खर्च काढायचा, हा रुळलेला मार्ग. त्यात आमदारांचा फोटो पहिल्या पानावर येतो आणि काकू आत कुठंतरी. दुसरा मार्ग म्हणजे लेख मागवायचेच नाहीत, माणसांना भेटायचं, विचारायचं आणि आपण लिहून काढायचं. वेळ जास्त, पानं कमी, जाहिरात नाही. खर्च तिन्ही भावंडांनी वाटून घ्यायचा. लेकीनं आणि सुनेनं दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला. थोरला नाराज होता, पण अडला नाही.

काय केलं

पहिले काही दिवस हाती काहीच लागलं नाही. कारण प्रश्नच चुकीच्या जातीचा होता. ‘काकू कशा होत्या?’ असं विचारलं की समोरचा सावरून बसतो आणि विशेषणं सुरू होतात. मायाळू, कष्टाळू, शिस्तीच्या. मग प्रश्न बदलले. सकाळी उठल्यावर त्या आधी कशाला हात लावायच्या? वाचनालयाची किल्ली घरात कुठं असायची? पुस्तक उशिरा आणलं तर काय म्हणायच्या? अशा प्रश्नांना विशेषणानं उत्तर देताच येत नाही.

यात सगळ्यात जास्त बोलली ती सून. तिला आधी कुणी लेख मागितलाच नव्हता. ती म्हणाली, “सर, आमच्या घरात एक पातेलं होतं, कानाला लाल रंग लावलेलं. फळीवर वर ठिवायच्या आत्याबाई. मी नवी नवरी, मला काय म्हाईत! कढी करायला खाली काढलं, तर अशा धावत आल्या की बस.”

ते खळीचं पातेलं. फाटक्या पुस्तकांची बांधणी बाहेर करून घ्यायला पैसे नसत, म्हणून काकू घरीच करत. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना त्यात थोडं मोरचूद घालायचं, म्हणजे त्या जागी पुस्तकाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून पातेलं वेगळं, चमचा वेगळा, आणि मुलं झोपल्यावरच हे काम. पाठीचे दोरे निसटलेली पुस्तकं गोधडीच्या सुईनं शिवायच्या. दाबायला वर पाटा ठेवायचा. सकाळी पाटा उतरवून त्यावर चटणी वाटण्याआधी तो दोनदा धुवायचा, हे सुनेच्या हाताला अजून पाठ आहे. अशी शिवलेली पुस्तकं वाचनालयात आजही ओळखू येतात, पाठीला जाड पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसतात. घर आणि वाचनालय वेगवेगळं लिहायचं नाही, हे या पातेल्यानं ठरवलं. थोरल्याला हे माहीतच नव्हतं. तो त्या वेळी झोपलेला असायचा.

एका आठवणीनं मात्र पेच टाकला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरचे काही दिवस वाचनालयात वर्तमानपत्रासाठी झुंबड असायची. लातूर-उस्मानाबादकडं लेकी दिलेल्या, सोयरे असलेले लोक गावांची नावं शोधायला यायचे. काकूंनी त्या दिवसांत वर्तमानपत्रांची पानं सुटी करून लांब टेबलावर पसरली, म्हणजे एका अंकावर चार-सहा जणांना वाचता येईल. यावर सगळ्यांचं एकमत. पुढं एका वाचकानं सांगितलं की ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना काकू स्वतः वाचून दाखवत. वाचनालयाचे शिपाई म्हणाले, “वाचून मी दाखवायलो होतो. काकू रजिस्टरवर होत्या.” दोघंही खोटं बोलणारे नव्हेत. कार्यक्रमाचं पुस्तक आहे, काकूंच्याच नावावर टाका, असं सचिवांचं म्हणणं पडलं. आम्ही दोन्ही आठवणी नावानिशी शेजारी-शेजारी छापल्या. शिपायांचा स्वतःचा फोटो कुठं छापून यायचा तो पहिलाच प्रसंग, हा त्यातला वरचा लाभ.

वहीचा प्रश्न

सगळ्यात अवघड निर्णय इथं होता.

कपाट आवरताना लेकीला दोन वह्या सापडल्या. एक घरखर्चाची: दळण, रॉकेल, दूध, फी, आणि मागच्या पानांवर वाचलेल्या पुस्तकांची नावं. ती छापायला कुणाची हरकत नव्हती. दुसरी वही मागणीची. वाचकाचं नाव, त्याला हवं असलेलं पुस्तक आणि समोर काकूंच्या बारीक अक्षरात टिपण. ‘मोठ्या अक्षराचं पाहिजे, चष्मा नाही.’ ‘पुस्तक घरी नेता येत नाही, इथंच वाचते. खिडकीकडची खुर्ची.’ ‘मालक वारले. अध्यात्माचं नको म्हणाली, गोष्टीचं दे म्हणाली.’ ‘परीक्षेला बसायलाय, घरी सांगितलेलं नाही.’

वही वाचून सचिवांचे डोळे चमकले, आणि त्यांचं चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. ग्रंथपालाचं काम म्हणजे काय, हे १२ ऑगस्टच्या भाषणांतून दरवर्षी सांगतात. त्या दिवशी, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे त्यांचं सूत्र फळ्यावर लिहिलं जातं. इथं ते सूत्र पान-पानभर पाळलेलं दिसत होतं. त्यांना वहीची पानं जशीच्या तशी फोटो काढून छापायची होती.

लेकीनं विरोध केला. “ह्यातली निम्मी माणसं गावात हिंडायलीत सर. आईनं हे कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतं.”

चार वाटा होत्या. पानं तशीच छापायची. नावं झाकून छापायची. वही बाजूला ठेवून तिचा उल्लेखच करायचा नाही. किंवा ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना विचारायचं. नावं झाकण्याची वाट सोयीची वाटली, पण तालुक्याच्या गावात ‘मालक वारले’ आणि साल एवढ्यावर घर सापडतं. उल्लेखच टाळला तर काकूंच्या कामाचा गाभा गेला. म्हणून विचारायला जायचं ठरलं, आणि तेही लेकीनं, कारण वही तिच्या आईची होती. मी किंवा सचिव गेलो असतो तर लोकांना नाही म्हणणं जड गेलं असतं.

उत्तरं एकासारखं एक आली नाहीत. चोरून परीक्षेला बसलेला मुलगा आता दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षक आहे. तो फोनवर हसला आणि म्हणाला, पूर्ण नाव टाका. खिडकीकडच्या खुर्चीवर वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, खुर्चीचं लिहा, माझं नाव नको, सासरचे आहेत अजून. एका बाईंनी दारातच सांगितलं की मी वाचनालयात कधी आलेच नव्हते. वहीत त्यांची नोंद सलग दोन वर्षं होती. लेक “बरं काकू” म्हणून परत आली आणि ती नोंद तिथंच संपली. जे वारले होते त्यांच्या घरच्यांना विचारलं नाही. त्यांच्या नोंदी घेतल्याच नाहीत, कारण मेलेल्या माणसानं काय वाचलं हे त्याच्या मुलांना सांगणंही शेवटी सांगणंच.

वहीचं एकही पान फोटो म्हणून छापलं नाही. मूळ वही वाचनालयाला द्यायची की नाही, यावर बरीच ओढाताण झाली. ती लेकीकडं राहिली.

पदाचा प्रश्न

‘ग्रंथपाल’ या पदावर धाकटा अडून बसला होता. त्याचं म्हणणं असं, की काम तिनं केलं, पद दुसऱ्यानं भोगलं, निदान मेल्यावर तरी द्या. यात तथ्य होतं. पण छापील कागदावर नसलेलं पद घातलं की वाचणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतो, आणि ते पद खरोखर सांभाळलेला माणूस पहिल्या रांगेत बसणार होता. शिवाय ‘सेवानिवृत्त’ म्हटलं की लोकांना पेन्शन आठवते. ती नव्हती, हे झाकलं गेलं असतं.

तोडगा सुनेनं सुचवला: पद लिहूच नका, काम लिहा. मुखपृष्ठावर नावाखाली फक्त वाचनालयात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होत्या ते आलं. आत एका पानावर स्पष्ट लिहिलं, की पद निर्गम सहायकाचं, परीक्षा ग्रंथपालाच्या कामाची, मानधन अमुक आणि निवृत्तिवेतन नाही. सालं ठरवतानाही घोळ झालाच. वाचनालयाच्या दप्तरात सुरुवातीची मानधनाची वर्षं धरलेली नव्हती. दाखल नोंदवहीतल्या अक्षरावरून ती मागं नेता आली. काकूंचा ‘क्ष’ वेगळा होता, तो पहिल्यांदा जिथं दिसतो तिथपासून धरलं. दप्तरातलं साल आणि हे साल, दोन्ही छापली.

काय निष्पन्न झालं

वर्षश्राद्धाला ३२ पानांची स्मरणिका आली. शुभसंदेश नाहीत, जाहिराती नाहीत. कार्यक्रम वाचनालयातच झाला, भाषणं दोन, बाकी वेळ वाचन. खळीचं पान सुनेनं स्वतः वाचलं. घरातल्या बायकांपैकी कुणी त्या व्यासपीठावर त्याआधी उभं राहिलेलं मला आठवत नाही, आणि काकूंचं सत्कारातलं उभं राहणं मी त्यात धरलेलं नाही.

कपाटासाठी जे पैसे गेले असते त्यांतून जुन्या पुस्तकांची बांधणी करून घ्यायचं ठरलं. एक अट घातली: काकूंनी शिवलेल्या पुस्तकांची पाठ उसवायची नाही. बांधणीवाला कुरकुरला, कारण गोधडीचे टाके त्याच्या मापात बसत नव्हते. उर्दू कपाटातल्या चिठ्ठ्यांवरून एक यादी टाइप झाली आणि भिंतीवर लागली. त्यानंतर परभणीहून उर्दू शिकवणारे एक प्राध्यापक ती पुस्तकं बघून गेले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. कार्यकारी मंडळातले दोघं मानधनाचं पान छापल्यावरून रुसले. थोरल्याचा लेख शेवटी घेतला, पण निम्म्याहून कमी करून, आणि तो कार्यक्रमात फारसा बोलला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

भेटींचा क्रम. काकूंची थोरली बहीण, अक्का, गंगाखेडला असते, वय पंच्याऐंशीच्या पुढं. काकूंचं लहानपण, शाळा का सुटली, लग्न कसं ठरलं, हे सांगणारं ते एकच माणूस. गावातल्या लोकांना भेटता भेटता अक्कांकडं जायला उशीर झाला. तोवर त्यांना एकेक दिवस बरा जायचा, एकेक नाही. जात्यावरच्या ओव्या त्या न अडखळता म्हणत. जनाबाईंच्या गावात राहून ते नवल नाही. पण धाकट्या बहिणीबद्दल, म्हणजे काकूंबद्दल, बोलताना मधेच तिला आई समजायच्या. त्यामुळं लहानपणाचं पान स्मरणिकेत सगळ्यात उणं आहे. वय ज्याचं जास्त त्याच्याकडं आधी, आणि पहिल्याच भेटीत मोबाइलवर रेकॉर्डिंग, एवढं ठरवलं असतं तरी पुष्कळ होतं.

सुनेला पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. घरच्या कामाबद्दल मुलगे बोलतात तेव्हा ताटात आलेलं सांगतात, चुलीपाशी काय घडलं ते नाही. ज्या घरात आई बाहेर काम करत होती तिथं तर तिच्या मागं हात कुणी चालवला, हा प्रश्न हमखास विचारावा. इथं कळलं की संध्याकाळच्या भाकरी कित्येक वर्षं शेजारच्या एक बाई थापून देत आणि काकू त्यांच्या मुलांचा अभ्यास घेत. त्या शेजारीण बाईंचं नाव स्मरणिकेत एकदाच आलं, तेही पुरवणीच्या परिच्छेदात.

वहीबद्दल लिहून काहीतरी ठेवायला पाहिजे. आज ती लेकीकडं आहे. उद्या तिच्या मुलांकडं जाईल, आणि त्यांना हे सगळं बोलणं ठाऊक नसेल. अमुक वर्षांपर्यंत कुणाला दाखवायची नाही, असा एक कागद वहीत घालून ठेव, असं मी सुचवलं आहे. तिनं अजून घातलेला नाही. वही जाळून टाकावी का, असंही तिनं एकदा विचारलं. मी नको म्हणालो.

थोरल्याला आधी बोलतं करायला हवं होतं. त्याचा लेख कापला त्यापेक्षा तो घेऊन समोर बसलो असतो तर त्यागाच्या दोन पानांमागचं काहीतरी हाती लागलं असतं. कार्यक्रमानंतर जाताना तो म्हणाला, की परीक्षेच्या अभ्यासाला आई त्याला शेजारी बसवायची तेव्हा पुस्तकांच्या विषयवार वर्गीकरणाचे आकडे त्याच्याकडून म्हणून घ्यायची, आणि मराठी साहित्याचा ८९१.४६ त्याला अजून पाठ आहे. हे त्याच्या लेखात कुठंच नव्हतं. दुसरी आवृत्ती निघाली तर त्याचं पान नव्यानं लिहून द्यायचं त्यानं कबूल केलंय. अजून आलेलं नाही. दिवाळीला गावी येईल तेव्हा घरी जाऊन बसायचं ठरलंय.